बटरच्या कप्प्यातली किल्ली

शुक्रवारी दुपारी मी पहिला घास उचलला आणि फोन वाजला. मुकुंदचा केरळचा शेजारी हॉस्पिटलमधून हिंदीत बोलत होता. मुकुंद गेला होता. सकाळी छातीत कळ आली, तसाच ह्या शेजाऱ्याच्या दारापर्यंत चालत गेला. मुकुंदच्या गाडीची किल्ली सापडेना म्हणून शेजाऱ्यानं स्वतःची गाडी काढली. मुकुंदची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि लेक तेव्हा नाशिकला. ऐकून मी हात धुतले. पुढं काय करायचं हेच सुचेना. आदल्या संध्याकाळीच आम्ही बोललो होतो. "उद्या येतोस ना, बुवा?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "इन्शाल्ला." माझं इन्शाल्ला म्हणजे 'नाही', हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मी दोह्यात एसी मेकॅनिक, गाव वेंगुर्ल्याकडचं. मुकुंद वेस्ट बेमधल्या ऑफिसात इंजिनियर. आमची ओळख झाली ती त्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटमध्ये, एसी दुरुस्त करताना. खाली उभा राहून विचारतो कसा, "हा बिनआवाजाचा करता येईल का?" मी म्हणालो, "बटण बंद करा साहेब, एकदम बिनआवाजाचा!" माणूस खो खो हसला. शिडीवर मी गुणगुणत होतो ते त्यानं ऐकलं, आणि उतरल्यावर चहा दिला तो गाणं वसूल करायलाच. त्याला घरी गाणी रेकॉर्ड करायचं वेड होतं. लहान खोलीत भिंतीला गाद्या उभ्या केलेल्या, कपाटाची दारं सताड उघडी, कारण लटकलेले कपडे म्हणे घुमणारा आवाज खातात. मी मनात म्हटलं, शिकलेला माणूस, पण जरा वेडाच दिसतोय.

त्याच्याकडे माईक दोन. एक साधा, स्टेजवरचा. दुसरा महागडा, नाजूक कानाचा. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली तरी ऐकणारा. त्याच्यासाठी आधी एसी बंद, मग फ्रिजसुद्धा बंद. आयुष्यभर लोकांचे एसी चालू करत हिंडलो, आणि ह्या गृहस्थानं मला दोह्याच्या उन्हाळ्यात बंद खोलीत घामानं आंघोळ घालून गायला लावलं! एकदा गाण्याच्या नादात फ्रिज चालू करायचा राहिला आणि वहिनींनी साफ करून ठेवलेली सुरमई गेली. त्या दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. तेव्हापासून मुकुंदनं नियम केला. फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली आतल्या बटरच्या कप्प्यात ठेवायची. मला खोलीवर सोडायला गाडी लागणारच, म्हणजे फ्रिज उघडावाच लागणार, म्हणजे आठवण होणारच.

त्याचा सगळा जीव अडकला होता माझ्या वडिलांच्या एका भजनात. शब्द साधेच, पण चाल वडिलांची स्वतःची. ते गेल्यावर ती येणारा मी एकटाच उरलो. "हे तुझ्याबरोबर जाता कामा नये," मुकुंद म्हणायचा. आणि भांडण झालं ते ह्याच भजनावरून. मला सवय साधा माईक ओठांना लावून गायची. मुकुंद नाजूक माईक समोर ठेवायचा, एक वीत आणि चार बोटं लांब, थोडा तिरका, कारण माझे 'प' आणि 'भ' फटाक्यासारखे फुटतात. "माईक गिळू नकोस," तो म्हणाला. "तुझे वडील देवळाच्या ओट्यावर समोर बसलेल्या माणसासाठी गात होते. तसं गा." गायलो. ऐकलं तर काय, श्वास ऐकू येतोय, आवाज थकलेला, कापरा. "हा कोण म्हातारा?" मी भडकलो. तो शांतपणे म्हणाला, "हा तूच. आणि मला हाच हवाय." मी रागानं उठून आलो. त्यानंतर सुट्टीचे चार शुक्रवार त्यानं बोलावलं, चारही वेळा मी इन्शाल्ला म्हणालो. घसा बसलाय, ड्युटी आहे... सगळी थापच. माझा अहंकार आडवा आला, दुसरं काही नाही.

तीन आठवड्यांनी वहिनी घर आवरायला आल्या, मी मदतीला गेलो. गाडी विकायची होती आणि किल्ली काही मिळत नव्हती. सगळे खण, सगळे खिसे पालथे घातले. मग मला त्याचा नियम आठवला. स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडला. बंद होता. असा भपकारा आला की वहिनींनी पदर नाकाला लावला. बटरच्या कप्प्यात किल्ली होती.

"इथे कशी?" वहिनींनी विचारलं. मी सरळ लहान खोलीत गेलो. नाजूक माईक जमिनीजवळ उतरवलेला, मांडी घालून बसणाऱ्या माझ्यासारख्या बुटक्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला, थोडा तिरका. बाकी सगळे त्याच्याकडे खुर्चीवर बसून गायचे. समोर सतरंजी, आणि तिच्यावर उजव्या बाजूला माझ्या दुखऱ्या गुडघ्याखाली घ्यायची ती लहान उशी. मी येणार नाही हे माहीत असून त्यानं त्या शुक्रवारी सकाळीच सगळं मांडून ठेवलं होतं. मी तिथंच ढसाढसा रडलो, लाज नाही वाटली.

"वहिनी, पाच मिनिटं एसी लावू नका," मी म्हणालो. मशीन सुरू कसं करायचं ते बघून बघून येत होतं. त्या दाराशी बसल्या. मी उशी गुडघ्याखाली घेतली, माईकला हात लावला नाही, आणि वडिलांचं भजन पहिल्यापासून शेवटपर्यंत गायलो. समोर मुकुंद बसलाय असं समजून. आवाज म्हाताऱ्याचाच होता.

गाणं संपलं की आधी फ्रिज, हा त्याचा नियम. मी तसाच उठलो आणि जाऊन बटण दाबलं. रेकॉर्डिंग थांबवायचं राहूनच गेलं. ते काम नेहमी तोच करायचा. त्यामुळे भजन संपल्यावर त्यात माझी पावलं आहेत, वहिनींचं रडणं आहे आणि लांबून फ्रिजची घरघर आहे. मुकुंदनं ती सगळ्यात आधी कापली असती. मी नाही कापली.