नळी निळीच राहिली

बारावीला मी गणित घेतलं ते आवडायचं म्हणून नाही. दादाची जुनी पुस्तकं घरात होती, म्हणून. जीवशास्त्राची नवी आणावी लागली असती, आणि आमच्या तिकडच्या कॉलेजात तो विषय शिकवायला माणूसही नव्हता. वडील म्हणाले, "हाय त्याच्यात भागव." भागवलं. पुढं एएनएमचा कोर्स केला, भोकर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर कंत्राटी नर्स म्हणून लागले. सात वर्षं बायांचं बीपी बघण्यात, लेकरांना लसी टोचण्यात आणि अवेळी आलेली बाळंतपणं निभावण्यात गेली. दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर, नवी सही, तोवर जिवाला घोर. त्यातून सुटायचं तर बी.एस्सी. नर्सिंग पाहिजे. लातूरच्या एका कॉलेजात चौकशीला गेले तर खिडकीतल्या बाईंनी माझी मार्कशीट उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाल्या, "यात बायोलॉजी नाही तुमचं."

मी म्हटलं, "मॅडम, मी बाळंतपणं करते."

"ते मार्कशीटवर कुठंय?"

त्यांचंही बरोबरच होतं म्हणा.

म्हणून एकतिसाव्या वर्षी बारावीचा तेवढा एकच विषय बाहेरून द्यायचा फॉर्म भरला. बाहेरून बसणं म्हणजे काय ते बसलेल्यालाच कळतं. केंद्र नांदेडच्या एका कॉलेजात. वर्ग नाही, हजेरी नाही, पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात आपलं नाव नाही. काही सूचना निघाली का, हे बघायला एसटीनं भोकरहून नांदेडला जायचं, फळ्यासमोर उभं राहायचं, आणि काही निघालेलं नसलं की परत यायचं. ऑफिसातला क्लार्क दर वेळी विचारायचा, "कोणाच्या पालक तुम्ही?"

पहिल्या वर्षी नापास झाले. लाज वाटण्यापेक्षा रागच जास्त आला. गर्भाशयावर प्रश्न होता. मला वाटलं, हे तर आपलं घरचं. मी आपलं भसाभसा लिहिलं, बाईला काय होतं, काय करायचं, काय करायचं नाही. त्यांना पाहिजे होती पेन्सिलीची आकृती आणि नावं. प्रॅक्टिकललाही तेच झालं, आणि जर्नल अर्धवट. नवरा म्हणाला, "नोकरी हाय ना? मग डोक्याला ताप कशाला?" माणूस वाईट नाही. शनिवारी मी नांदेडला गेले की भाकरी-भाजी तोच करायचा. पण तोही वैतागला होता. "यंदा बस," म्हणाला, "पण हे शेवटचं." माझ्या मनातही तेच होतं. लई दमले होते मी. एसटीत पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर डोळा लागायचा आणि जाग यायची ती नांदेडच्या स्टँडवर.

दुसऱ्या वर्षी मामा भेटले. मामा म्हणजे त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतले शिपाई. केसांना काळा रंग, नोकरीचं शेवटचं वर्ष. सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मला दारातूनच हाकललं, "बाहेरच्यायला लॅब नसती." मी हलले नाही. घरून एवढ्या लांब आले होते, हलायचं त्राणही नव्हतं. शेवटी म्हणाले, "आलाच हाव तर बसा, पण काही फोडू नका." काचपट्टी धरताना माझ्या हाताकडं बघत राहिले. "हात रोजचा दिसतो," म्हणाले. नर्स आहे म्हणून सांगितलं, तेव्हापासून मी 'सिस्टर' झाले.

मग दर शनिवारी कॉलेज रिकामं झालं की मामा तासभर लॅब उघडी ठेवायचे. मी आधी त्यांचं बीपी बघायचे, मग ते कपाटातून स्लाइडी काढायचे. शिकवायचं म्हणून शिकवलं नाही त्यांनी, पण इतकी वर्षं सरांच्या मागं उभं राहून सगळं पाठ झालेलं. माझ्या आकृत्या बघून चिडायचे. "नावं उजव्या अंगाला. किती येळा सांगू? ही मुळी हाय का दोरी?" मी मनातल्या मनात जळफळायचे आणि खोडून पुन्हा काढायचे. जर्नलवर सरांनी सही केली तीही मामांच्या शब्दावर.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेची एक रीत असते. बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत बसतात, आणि मामालोक ट्रे घेऊन टेबलांमधून फिरताना ओठ न हलवता उत्तरं सांगून जातात. परीक्षकांना माहीत असतं, सरांना माहीत असतं, सगळे पंख्याकडं बघतात. मला चिठ्ठी आली लघवीतली साखर तपासण्याची. हसूच आलं. दर आठवड्याला हेच तर करते मी, फक्त पट्टीवर. इथं लघवी म्हणजे चहाचं पाणी टाकून रंग आणलेलं नळाचं पाणी, त्यात ग्लुकोज, सगळं मामांनीच सकाळी कालवून ठेवलेलं. नळीत निळं द्रावण घ्यायचं, हे पाणी टाकायचं, तापवायचं. विटकरी झालं तर साखर आहे. निळंच राहिलं तर नाही.

मामा माझा दिवा नीट करायच्या निमित्तानं वाकले. "हाय," म्हणाले, "विटकरी लिहा."

माझ्या दोन्ही बाजूच्या पोरींना तीच चिठ्ठी, तीच बाटली. त्यांनी दिवा न लावताच लिहून टाकलं. मी तापवलं. निळं. आणखी तापवलं. निळंच. नळी धुतली, पुन्हा पहिल्यापासून केलं. ढिम्म निळं.

साखर नव्हती त्यात. मला दिसत होतं ना.

'नाही' लिहिलं तर परीक्षक बाटली मागवणार, मामा सगळ्यांसमोर उघडे पडणार, तेही शेवटच्या वर्षी. आणि नाही मागवली, तर परीक्षकांच्या कागदावर 'आहे' असणार आणि माझे मार्क जाणार. मी उत्तरपत्रिका जवळ ओढली. लिहिलं, "द्रावणाचा रंग विटकरी झाला. नमुन्यात साखर आहे." नळीतलं निळं पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि वरून नळ सोडला.

मामांसाठी लिहिलं, असं नंतर कितीदा तरी स्वतःला सांगून बघितलं. खोटं आहे ते. मला पास व्हायचं होतं. पुन्हा त्या फळ्यासमोर उभं राहायचं नव्हतं.

दुपारी फाटकाशी आले तर मागून मामांची हाक आली. "सिस्टर, थांबा जरा." धाप लागली होती त्यांना. म्हणाले, "त्या बाटलीत ग्लुकोज टाकायचंच राहिलं. सकाळी घरून फोन आला, त्या गडबडीत इसरलो. आत्ता धुताना ध्यानात आलं."

मी पिशवी खांद्यावर घेतली.

"तुमच्या नळीत काय आलं?"

"निळं."

"आन् लिहिलं काय?"

"साखर आहे."

मामा रागावले नव्हते. "पोरींचं सोडा, त्यांनी दिवाच लावला न्हाई," म्हणाले. "तुम्ही दोनदा तापवलं. मी बघून राहिलो होतो. मला वाटलं, आता ही बाई धरती मला." मग खिशातून किल्ल्या काढल्या आणि आत जायला वळले. "धरायला पाहिजे होतं, सिस्टर. तुमच्याकडं बाया येत्यात."

निकाल लागला. पास झाले, प्रॅक्टिकलला तर चांगले मार्क पडले. नवऱ्यानं पेढे आणले, उपकेंद्रात वाटले. लातूरला प्रवेशही मिळाला, खिडकीतल्या त्याच बाईंनी दोन्ही मार्कशीटा एकावर एक ठेवून टाचणी मारली. मामांना पेढे द्यायला जायचं, जायचं म्हणत राहिले आणि ते रिटायर झाले.

लातूरला जायच्या आधीच्या आठवड्यात उपकेंद्रावर गरोदर बायांच्या तपासणीचा दिवस होता. सातव्या महिन्यातली एक बाई, तिसरी खेप, माझ्या चांगल्या ओळखीची. पट्टी बुडवली, डबीवरच्या रंगांशी लावून बघितली. साखर निल. कार्ड उघडलं, पेनाचं टोपण काढलं, आणि ठेवून दिलं. दुसरी पट्टी काढली. तीही निल. ती घेऊन खिडकीत उजेडाला गेले.

"काही वंगाळ हाय का, ताई?" तिनं विचारलं.

"नाही. सगळं बरोबर आहे."

"मग पुन्हा पुन्हा काय बघून राहिल्या? आधी तर एकदाच बघून लिहायच्या तुम्ही."