बानूबाई आणि लाळ गाळणारा सीझर

वडगाव रासाईच्या बानूबाई कोळपे यांनी तीस वर्षं मेंढरांमागं काढली. कुत्री त्यांना नवी नव्हती, पण ती सगळी सडपातळ, चपळ, अर्ध्या भाकरीवर रात्रभर कळप राखणारी. मेंढरं विकून त्या नदीकाठी दोन एकरांत स्थिरावल्या. आता साठीला आल्यावर आणखी काय नवं बघायचं राहिलंय, असं त्यांना वाटायचं. तेवढ्यात सीझर आला.

सीझर म्हणजे फ्रेंच मॅस्टिफ जातीचा कुत्रा. साठ किलोचं तांबूस धूड, घमेल्याएवढं डोकं आणि दोन्ही बाजूंनी लोंबणारे ओठ. त्या ओठांतून लाळेच्या वीत-वीतभर तारा सुटायच्या. शेजारचे बागायतदार संपतआबा यांच्या नातवानं, सत्यजीतनं, तो पुण्यात हौसेनं घेतला होता. पण सीझरनं मान झटकली की लाळ लिफ्टच्या आरशावर, शेजाऱ्यांच्या कपड्यांवर! सोसायटीनं तक्रार केली आणि त्याची रवानगी गावाला झाली. आबांच्या घरचेही चार दिवसांत सोफा पुसून पुसून टेकीला आले.

"बानूबाई, तुमाला जनावराची जाण हाय," आबा म्हणाले. "तुमी सांभाळा. त्याच्या खान्यापिन्याचं आमी बघतो."

पहिल्याच सकाळी बानूबाई त्याला घेऊन रस्त्यावर आल्या आणि गलका उठला. "पिसाळलंय! तोंडातनं फेस गळतोय बघा!" बघता बघता सात-आठ जण काठ्या घेऊन धावले.

बानूबाई काठ्यांना आडव्या आल्या. "खबरदार! त्येची जातच तसली हाय. लोंबत्या ओठात लाळ टिकत न्हाई!"

त्यांची सून धनश्री घरातून लसीचं कार्ड घेऊन पळत आली. गावागावांतून दूध गोळा करणारी पिकअप ती चालवायची, त्यामुळं तिचा आवाज खणखणीत होता. तिनं कार्डावरच्या तारखा मोठ्यानं वाचल्या, मग मोबाईलवर फोटो दाखवले. "हा सेंट बर्नार्ड, हा न्यूफाउंडलँड, हा ब्लडहाउंड. सगळी अशीच लाळ गाळत्यात. आता काय सगळ्यांना काठ्या घालताय व्हय?"

काठ्या खाली आल्या. पुढं तर शाळेला जाणारी पोरं सीझरला बघायला मुद्दाम वाट वाकडी करू लागली.

बानूबाईंनी जुन्या लुगड्याचे तुकडे करून ठेवले. दिवसातून वीस वेळा त्या त्याचे ओठ पुसायच्या आणि पुसता पुसता त्यांना ती लाळ ओळखू यायला लागली. भाकरीचा वास आला की तार लांबायची. उन्हातनं आला की धार लागायची. झोपेत थेंब थेंब.

मार्चमध्ये संपतआबांची नात नीलम हिचा साखरपुडा झाला. जेवणं उरकल्यावर कुणीतरी कौतुकानं सीझरपुढं पातेलंभर मसालेभात ओतला. त्यानं तो मिनिटात फस्त केला आणि मांडवात पोरांबरोबर हुंदडला. तासाभरानं बानूबाई ओठ पुसायला गेल्या. फडक्याला लाळ लागली ती चिकट, पांढरी, दोरीसारखी. सीझर ओकायला बघत होता, पण बाहेर काहीच येत नव्हतं. त्यांनी पोटावर टिचकी मारली. डफासारखा आवाज आला.

"धनश्रीऽ! गाडी काढ!"

"काय झालं, आत्या?"

"पोट फुगलंय. असली मेंढरं म्या हातात मरताना बघितल्यात. चल!"

कुणी म्हणालं, तेल पाजा, उतरंल. बानूबाईंनी त्याचा हात झिडकारला. "ही मेंढी न्हवं! डाक्टरबिगर कायबी पाजायचं न्हाई." चौघांनी सीझरला घोंगडीवर घेऊन पिकअपमध्ये ठेवलं. बानूबाई मागं हौद्यात त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. धनश्रीनं शिरूरला डॉ. भाग्यश्रींना फोन लावला आणि गाडी सोडली. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. हॉर्नवरचा हात तिनं काढलाच नाही.

"आत्या, हाय ना त्यो?"

"हाय! तू समोर बघ! हाण गाडी!"

दवाखान्याच्या दारात डॉक्टर तयारच होत्या. त्यांनी सुई टोचली आणि पोटातली हवा फुसकन बाहेर आली. मग दार बंद झालं. जठराला पीळ पडला होता. दोन तास ऑपरेशन चाललं आणि दोन तास बानूबाई पायरीवरून उठल्या नाहीत.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरांचा चेहरा घामेजलेला होता, पण हसरा. "वाचला! अजून अर्धा तास गेला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. तुम्हाला कळलं कसं?"

"लाळ बदलली, बाई," बानूबाई म्हणाल्या आणि धनश्रीच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. रडता रडता हसायलाही.

आठव्या दिवशी सीझर घरी आला, तेव्हा गावानं वेशीवर हलगी वाजवली. सत्यजीत पुण्याहून आला आणि म्हणाला, "आजी, आता हा कायमचा तुमचाच."

ही गोष्ट डॉक्टरांकडं येणाऱ्या लोकांनी पार दौंडपर्यंत नेली. तिथल्या ज्योतिबा नावाच्या रेल्वे गार्डानं सेंट बर्नार्ड पाळला होता. परवा त्याचा फोन आला, "मावशी, एकदा येऊन आमच्या घरच्यांना दाखवता का, कसा सांभाळायचा?"

बानूबाईंनी नवं लुगडं नेसलं, फडक्यांचं गाठोडं घेतलं आणि पिकअपमध्ये पुढच्या सीटवर चढून बसल्या. "चल गं धनश्री," त्या म्हणाल्या, "ऊन चढायच्या आत पोचू."