पुन्हा त्याच पापणीवर

ताई गेल्याचा फोन शेजाऱ्यांकडे आला. निरोप ऐकला आणि माझा हात आधी माझ्याच डाव्या पापणीकडे गेला... तो का गेला, ते आज सव्वा महिन्याने लिहिते आहे.

माझी थोरली बहीण शालूताई भिवंडीत बालवाडी चालवायची. घराच्या दोन्ही अंगांना लूम. कापसाचे तंतू डोळ्यांत जायचे आणि कुणाला ना कुणाला रांजणवाडी व्हायचीच. शिफ्ट सुटली की कामगार दाराशी यायचे, थोरल्या बहिणीसारखं तिला बाजी म्हणायचे. "बाजी, जरा आंख देखो." ताई पाणी उकळून कोमट करायची, धुतलेल्या मलमलीची घडी त्यात बुडवून पिळायची, आधी आपल्या मनगटाला लावून बघायची आणि मगच डोळ्यावर ठेवायची. "दबाना नहीं. फोडना तो बिलकुल नहीं." चार-पाच दिवसांत गाठ बसायची. शहाऐंशीच्या सुमारास मला बघायला पाहुणे यायचे होते, तेव्हा माझीच पापणी टम्म फुगली. मी रडत बसले. "त्यांना डोळे नकोत गं, तुझे हात हवेत," असं म्हणत ताईनं दिवसातून चारदा शेक देऊन मला बरं केलं.

नव्वदनंतर तिच्या डाव्या पापणीवर गाठ आली. गेली. पुन्हा आली, त्याच जागी. तिसऱ्या वेळी ती अंबाडीला माझ्या घरी आली होती. म्हणाली, "सुमे, या वेळी पापणीचे केसही गळतायत. डॉक्टरला दाखवू का?" मी भाकऱ्या थापत होते. मागे न वळताच म्हणाले, "सगळ्यांना तू बरं करतेस. रांजणवाडीला कसला डॉक्टर? शेक दे."

ती हसली... आणि पुढे पाच महिने शेक देत राहिली.

ती रांजणवाडी नव्हतीच, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं. आधी पापणी काढली, मग डोळा. पुढे मानेत गाठी आल्या. एकदा धीर करून मी म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी..." तिनं पुरं बोलू दिलं नाही. "मला तेच ऐकायचं होतं गं. तू दाखव म्हणाली असतीस, तरी मी गेले नसते." हे खरं होतं, की माझ्यासाठी म्हटलेलं? आता कुणाला विचारू?

परवा तिच्या घरी गेले. मोरीजवळच्या भिंतीवर आरसा नव्हता. ऑपरेशननंतर तिनं तो काढायला लावला होता. उरलाय एक फिकट चौकोन आणि खिळा. "शेवटपर्यंत इथंच उभी राहून वेणी घालायची," भावोजी म्हणाले, "भिंतीकडं बघत."

ते चहा ठेवायला आत गेले. मी त्या चौकोनासमोर उभी राहिले. त्यांनी हाक मारली तेव्हा कळलं, मी माझी वेणी सोडून पुन्हा घातली होती.