न गळणारा डबा

जुन्या हुबळीतल्या शेवंताचा नवरा तुकाराम आधी भांड्यांची पाटी घेऊन गावभर फिरायचा. जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात भांडी द्यायची, असा धंदा. पण तुकारामाला नाही म्हणता येत नसे. बायका त्याच्या हातात फाटकी बनियनं ठेवायच्या आणि परात घेऊन जायच्या. एकदा त्यानं एका निवृत्त मास्तरांच्या तीन धोतरांवर पितळी तांब्या दिला आणि घरी येऊन उलगडून बघितलं, तर तिन्ही मिळून एक धोतर होत नव्हतं. त्या दिवशी शेवंतानं पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि चूल त्याच्याकडे दिली. हे साल अठ्ठावन्न. तुकाराम स्वयंपाक झकास करतो हे तोवर त्यालाही माहीत नव्हतं.

शेवंता अळनावरकडच्या एका खेड्यातली. शाळा तिनं बाहेरूनच पाहिलेली. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांत ती सारखीच फटकळ होती, आणि गिऱ्हाईक जितकं शिकलेलं तितका तिचा फटकळपणा वाढायचा. त्या काळात रोज हुबळीहून धारवाडला आणि धारवाडहून हुबळीला बसनं जाणारे कारकून, मास्तर, वकील वाढत चालले होते. ही सगळी माणसं दुपारचं जेवण बरोबर न्यायची आणि निम्मं जेवण बसमध्ये सांडायची. शेवंतानं हे हेरलं आणि परातीघागरी कमी करून पाटीत डबेच डबे भरले.

डबा द्यायची तिची रीत ठरलेली होती. आधी चौकशी. जेवणार कोण, काय जेवणार, बसनं जाणार की सायकलवर, डबा पिशवीत की हातात. कुणी आमटी न्यायची म्हटली की ती विचारायची, "धारवाडात आमटी मिळत नाही होय?" जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, डब्यात चिंचेचं काही घालू नका, कल्हई उडालेल्या पितळेत ताक ठेवू नका, हे ती समोरच्याला निक्षून सांगायची. मग डबा पाण्यानं भरायचा, झाकण बसवायचं आणि गिऱ्हाइकाच्या मांडीवर उलटा धरायचा. मांडी कोरडी राहिली की सौदा पक्का. सगळ्यात जास्त मान होता तिच्या स्टीलच्या तीन पुडी डब्याला. त्याच्या प्रत्येक पुडाला आतून रबराचं वायसर होतं आणि वरून घट्ट कळ. 'शेवंताचा डबा गळत नाही' असं हुबळीच्या केशवापुरात आपोआप बोललं जायचं, आणि नाही बोललं गेलं तर ती स्वतः बोलायची.

केशवापुरातच कुसुमावतीबाई राहायच्या. त्यांचे यजमान वादिराज वकील रोज धारवाडच्या कोर्टात जायचे. एकाहत्तर साली डॉक्टरांनी त्यांना साखरेचा आजार सांगितला. पेढे बंद, भात बंद, हॉटेल बंद; घरून ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी, काकडी आणि ताक न्यायचं. वकीलसाहेबांचं घर सोवळ्याचं, पण कोर्टासमोरच्या हॉटेलातली मिरची भजी त्यांच्या सोवळ्याच्या कधी आड येत नसत. त्यामुळे ही शिक्षा त्यांना जरा जास्तच लागली.

पहिल्या आठवड्यात कुसुमावतीबाईंनी माळ्यावरचा चार पुडी पितळी डबा काढला. नवलूरच्या वळणावर मटकीचा रस्सा शेजारी बसलेल्या माणसाच्या धोतरावर गेला, आणि तो माणूस निघाला त्यांचाच पक्षकार. ताक होतं झिजून सैल झालेल्या फिरकीच्या तांब्यात. तांब्याची कल्हई कधीच उडालेली, ताक कळकून हिरवं झालेलं. ते पिऊन वकीलसाहेब युक्तिवादाला उभे राहिले आणि अर्ध्यातच कोर्टाची परवानगी मागून बाहेर धावले. दुसऱ्या दिवशी कुसुमावतीबाईंनी शेवंताला निरोप धाडला.

शेवंतानं तीन पुडी स्टीलचा डबा आणि ताकासाठी फिरकीच्या झाकणाची स्टीलची बाटली काढली. दोन्ही पाण्यानं भरून वकीलसाहेबांच्या खुंटीवरच्या काळ्या कोटावर उलटी धरली. कुसुमावतीबाईंचा जीव वरखाली झाला, पण कोटावर थेंब पडला नाही. जरीचं जुनं लुगडं आणि दोन पातळं घेऊन शेवंता खुशीत घरी गेली.

पाच महिन्यांनी परत बोलावणं आलं. वकीलसाहेबांची साखर उतरली तर नव्हतीच, उलट चढली होती. डॉक्टर म्हणत होते, पथ्य पाळलं जात नाही. कुसुमावतीबाई म्हणत होत्या, डबा रोज रिकामा येतो, पुसून घेतल्यासारखा.

"तुझ्या डब्यातलं अन्न यांच्या अंगी लागत नाही बघ," त्या म्हणाल्या.

असलं शेवंताला आजवर कुणी बोललं नव्हतं. गळतो म्हणाल्या असत्या तर तिनं तिथंच पाणी भरून दाखवलं असतं. अन्न अंगी लागत नाही, याला काय भरून दाखवणार? ती रात्रभर तुकारामाचं डोकं खात बसली, आणि सकाळी पाटी घेऊन धारवाडच्या बसमध्ये चढली. वकील हॉटेलात चोरून खातो आणि डबा कुत्र्याला घालतो, असा तिचा निकाल आधीच झाला होता. आता फक्त पुरावा हवा होता.

कोर्टाच्या आवारात चिंचेखाली तिनं पाटी उतरवली. दुपारी वादिराज वकील डबा घेऊन आवाराच्या मागच्या बाकावर आले, अगदी एकटे. तिकडे सहसा कुणी फिरकत नसे. त्यांनी डबा मांडीवर घेतला आणि कळ ओढली. कळ निघेना. रुमाल गुंडाळून ओढली. बाकाच्या कडेवर ठोकून पाहिलं. मग इकडं तिकडं बघून, एवढा मोठा वकील, दातानं कळ उघडायला लागला. शेवंताला आधी हसू आलं आणि मग आलेलं हसू तिनं गिळलं. थोड्या वेळानं त्यांनी डबा तसाच पिशवीत घातला, जवळून चाललेल्या पट्टेवाल्याला हाक मारली, पिशवी त्याच्या हातात दिली आणि समोरच्या हॉटेलकडे चालू लागले.

पट्टेवाल्याचं नाव लक्ष्मण. त्यानं डबा गुडघ्यात धरून एका हिसक्यात उघडला आणि भाकरी मोडली. शेवंता त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"रोज तूच खातोस?"

"साहेब म्हणतात, मला भूक नाही, तू खा," लक्ष्मण तोंड भरून म्हणाला. "आधी मला ही मटकी आवडत नव्हती. आता बरी वाटतीय. पोट पण साफ राहतंय."

डॉक्टरांचं पथ्य तंतोतंत पाळलं जात होतं, फक्त भलत्याच पोटात. शेवंता तिथून निघाली आणि हॉटेलच्या दाराशी उभी राहिली. वकीलसाहेब भजी खाऊन बाहेर आले तशी म्हणाली, "अप्पा, जरा चिंचेखाली या."

ते आले. पाटी बघून त्यांनी तिला ओळखलं असावं, कारण चेहरा पडला.

"हात दाखवा," शेवंता म्हणाली.

"कशाला?"

"दाखवा तर."

त्यांनी हात पुढं केले. बोटं आखडलेली होती, अर्धवट मिटलेल्या मुठीसारखी. शेवंतानं एक बोट सरळ करून पाहिलं. ते होईना.

"किती दिवस झाले?"

"वर्ष होईल. टोकांना काही कळत नाही. सही पण वाकडी येते." वकीलसाहेब हळू बोलत होते. "हे कुठं बोलू नको. वकिलाला साधं पेन धरता येत नाही म्हटल्यावर पक्षकार दुसऱ्या दारात जातात."

"घरात तरी सांगायचं."

"घरात सांगणं सगळ्यात अवघड असतं, शेवंता. कोर्टात निदान तारीख तरी मिळते."

शेवंताला राग आला होता, पण तो त्यांच्यावर नव्हता. तेरा वर्षं ती डबे उलटे करून दाखवत होती. गळतो का, एवढंच बघत होती. उघडतो का, हे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं, कारण उघडून दाखवायला नेहमी तिचाच हात असायचा, आणि तिचा हात भाकरी थापून नव्हे तर पाट्या उचलून कणखर झालेला.

तिनं पाटीतले सगळे डबे मातीवर मांडले. "बसा," म्हणाली. "एकेक उघडून बघा. मी हात लावणार नाही."

वकीलसाहेब कोट सावरून चिंचेखाली बसले. कळीचे डबे बाद झाले. फिरकीचे बाद झाले. घट्ट झाकणाचे बाद झाले. दोन पक्षकार लांबून बघत होते. काही चोरीचा मुद्देमाल ओळखायचं काम चाललंय असं वाटून ते अदबीनं उभे राहिले. शेवटी एक पसरट, बुटका डबा हाताला बसला. त्याचं झाकण नुसतं वर टेकायचं आणि झाकणाला मोठी कडी होती. तळव्यानं दाबून, कडीत बोट अडकवून तो उघडला.

"हा बसमध्ये गळेल," वकीलसाहेब म्हणाले.

"गळायला आत काही असलं तर गळेल ना," शेवंता म्हणाली. "मटकी कोरडी परतायची. भाजी कोरडी. भाकरीचे घरीच चार तुकडे करायचे. शेंगाचटणी. ताक सकाळी निघताना घरी प्यायचं, ते धारवाड बघायला कशाला न्यायचं? पाण्याला काचेची बाटली आणि बूच. बुचाला मी नाडी अडकवून देते, बोट घालून ओढायचं."

डबा आडवा राहावा म्हणून रुंद तळाची पिशवी तिनं घरी जाऊन तुकारामाकडून शिवून घेतली. कुसुमावतीबाईंना काय सांगायचं ते बसमध्येच ठरवलं होतं.

"वायसरचा वास अन्नाला लागतो, म्हणून अंगी लागत नाही," ती नवा डबा पुढं ठेवत म्हणाली. खोटं बोलायची सवय धंद्यानं लावलेली, तरी हे जरा अडखळतच आलं.

कुसुमावतीबाईंनी डब्याचं झाकण उचललं, ठेवलं, परत उचललं. बुचाची नाडी बघितली. मग खाली बसल्या.

"वर्षभर यांच्या शर्टाची बटणं मी लावते," त्या म्हणाल्या. "हे पेपर वाचत उभे राहतात, मी लावते. दोघंही काही बोलत नाही. पण डब्याचं माझ्या डोक्यात आलं नाही बघ. मीच रोज कळ घट्ट लावून देत होते."

कुसुमावतीबाई आत गेल्या आणि शेवंतासाठी चहा घेऊन आल्या. पाटीवालीला एरवी त्या घरात चहा ओसरीवर आणि वेगळ्या कपात मिळायचा. त्या दिवशीही तो ओसरीवरच मिळाला, पण कुसुमावतीबाई स्वतःचा कप घेऊन शेजारी बसल्या.

चार महिन्यांत वकीलसाहेबांची साखर आटोक्यात आली. बोटं काही सुधारली नाहीत. पुढं त्यांनी सहीचा शिक्का केला आणि बटणांचं काम कुसुमावतीबाईंकडेच राहिलं. नुकसान झालं ते लक्ष्मणाचं. तो आठवडाभर रुसला, आणि मग बायकोच्या मागं लागून मटकीचा डबा आणायला लागला.

शेवंतानं मात्र धंद्याची रीत बदलली. गिऱ्हाइकाला ती सांगायची, "जेवणाऱ्याला घेऊन या, त्यालाच उघडू द्या." बायका वैतागायच्या. नवरा कचेरीत, मूल शाळेत, त्यांना पाटीपुढं कुठून आणायचं? बरीच गिऱ्हाइकं तुटली. पहिलं वर्ष वाईट गेलं. पण लहान मुलांच्या आया आणि म्हाताऱ्यांच्या सुना टिकून राहिल्या. खोल डबा मुलाला देऊ नका, तळापर्यंत हात जात नाही, अर्धं अन्न परत येतं, हे तिचं बोलणं पटलेल्या आया तिला दुसऱ्या आयांकडे न्यायच्या.

प्लास्टिक आलं तेव्हा तिनं आधी बऱ्याच शिव्या दिल्या. गरम भाजी घातली की पिवळं पडतं, वास सुटत नाही, हे ती खरंच सांगायची. पण झाकण एका बोटानं निघतं हेही तिनं कबूल केलं, आणि कोरड्या खाण्यापुरते दोन-चार डबे पाटीत ठेवायला लागली.

पंच्याऐंशी साली गुडघे बोलायला लागले. केशवापुरातल्या एका भांडीवाल्यानं तिला दुकानात स्टुलावर बसायला बोलावलं. गिऱ्हाइकाशी नुसतं बोलायचं काम. अकरा दिवस ती बसली. अकराव्या दिवशी एका बाईंनी सासऱ्यांसाठी सगळ्यात चकचकीत डबा निवडला, आणि शेवंता म्हणाली, "हा घेऊ नका, म्हाताऱ्याला उघडायचा नाही."

"आजी, विका की," दुकानदार गल्ल्यावरून म्हणाला.

"विकायला तू आहेस की," शेवंता म्हणाली, आणि छत्री घेऊन निघाली.

पुढं ती घरच्या कट्ट्यावरच बसायची. आत तुकारामाचा कांदा परतायचा आवाज, बाहेर दहा-बारा डबे मांडलेले. येणारे येत, उघडून बघत, कधी घेत, कधी नुसतं बोलून जात. नुसतं बोलून जाणाऱ्यांनाही ती, तुम्ही दुपारी काय खाता, हे विचारल्याशिवाय सोडत नसे.