निरोपाच्या जेवणातलं पुडिंग

सौदीतल्या अबकैकजवळच्या कॅम्पच्या मेसमध्ये मी रस्सा-भात करायचो. गोडाचं सगळं बेकरीवाल्याकडे, आणि तो त्या आठवड्यात सुट्टीवर गावी गेलेला. नेमका तेव्हाच तेलाच्या प्लांटवरचा एक वयस्कर इंग्रज इंजिनिअर निवृत्त होऊन मायदेशी निघाला. निरोपाच्या जेवणात काय हवं, असं मेसच्या मॅनेजरने विचारलं, तर तो म्हणाला, "लहानपणी आई करायची ते वाफवलेलं स्पंज पुडिंग. वरून गोड पाक आणि कस्टर्ड."

"दम्मामहून केक मागवू," मॅनेजर आम्हाला म्हणाला.

"मी करतो," माझ्या तोंडून निघून गेलं. अख्खं किचन हसलं.

मी त्या इंग्रज साहेबालाच गाठलं. त्याने हातवारे करून समजावलं: वाडग्यात तळाला पाक, त्यावर लोणी, साखर, अंडी आणि मैद्याचं मिश्रण, मग दीड-दोन तास वाफ. त्याच्या देशातला तसला पाक इथल्या दुकानात मिळेना, म्हणून मी खजुराचा घेतला. इथे त्याला दिब्स म्हणतात.

पहिलं पुडिंग पार बिघडलं. झाकणाखालचं पाणी टपटपून वर चिखल झाला आणि आत दगड. मी ते कुणी बघायच्या आत कचऱ्यात टाकलं आणि तिथेच उभा राहिलो. तेव्हा आई आठवली. रत्नागिरीकडच्या आमच्या गावी तांदळाच्या रव्याची गोड सांदणं वाफवताना ती झाकणाला फडकं बांधते, म्हणजे वाफेचं पाणी खाली पडत नाही. आणि मिश्रण घोटत बसली नाही कधी. हलक्या हाताने कालवलं की झालं. मी स्वच्छ फडकं घेतलं, झाकणाला घट्ट गाठ मारली आणि पुन्हा मैदा चाळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरल्या मेसमध्ये मी वाडगा ताटलीवर उपडा केला. पुडिंग अलगद सुटलं आणि तपकिरी पाक चहूबाजूंनी ओघळला. साहेबाने वर कस्टर्ड ओतून पहिला घास घेतला. मग त्याने आणखी एक तुकडा वाढून घेतला.

"माझ्या आईचं इतकं हलकं नसायचं," तो म्हणाला. "पण हे तिला कोणी सांगू नका." सगळे हसले. मग तो उठला, माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "कोणाकडे शिकलास?"

"माझ्या आईकडे, सर."

आयुष्यात इतक्या लोकांसमोर मी इतक्या मोठ्याने कधी बोललो नव्हतो.

संध्याकाळी गावी फोन लावला आणि आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे त्या साहेबाला सांदणच घातलंस की तू!"

"सांदण नाही गं, पुडिंग."

"तेच ते. खजुराच्या पाकात वेलची घातलीस का?"

नव्हती घातली. पुढच्या महिन्यापासून मॅनेजरने दर शुक्रवारचं गोड माझ्याकडे दिलं, तेव्हा मी पहिल्यांदा वेलचीच कुटली.