पोटात शिरलेली हवा

आईच्या खोकल्यामुळे वाशीच्या हॉस्पिटलातल्या एक्स-रेवाल्याची आणि माझी नेहमी गाठ पडे. मशीनपुढे कुणी केस सारखे केले की तो म्हणे, "शेठ, फोटो आतला हाय, लग्नाचा नाय." स्वतः मात्र कधी हसत नसे.

तेव्हा आमच्या बिल्डिंगीत चार घरं मिळून नव्या मार्केटातून कांद्याचं एक पोतं आणत. एकदा हमालाला बाजूला सारून ते मीच उचललं आणि आडवा झालो. पोतं छातीवर. एक्स-रेत दोन बरगड्या मोडलेल्या दिसल्या आणि पोटात, आतड्याबाहेर, हवा दिसली.

"आतडं फाटलंय. पोट उघडावं लागेल," डॉक्टर म्हणाले. बायको रडू लागली.

ओली फिल्म धरून उभ्या असलेल्या एक्स-रेवाल्याने गंभीर चेहऱ्याने माझ्या पोटाला गुदगुल्या केल्या. मी खिदळलो.

"साहेब, आतडं फाटलेला मानूस असा हासंल काय? बरगडी फुप्फुसात घुसून हवा छातीतून खाली उतरली असंल."

डॉक्टर त्याच्यावर डाफरले, पण त्यांनीही पोट चाचपलं. मी पुन्हा खिदळलो. खात्रीसाठी त्यांनी पोट चाचपायला आणखी दोन डॉक्टर बोलावले. ऑपरेशन रद्द झालं, तेव्हा मी मोडक्या बरगड्यांनी रडत होतो आणि शाबूत पोटाने हसत होतो.