मावशीचं गोंदण फोननं पुसलं

मंडळी, आज दुपारी रेणापूरला मावशीचा फोटो काढला. तिला तो फ्रेम करून घ्यायचाय. बघून म्हणाली, "ही कोण बाई हाय रे? माझं गोंदण कुठं गेलं?"

हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके फोननं डाग समजून पुसले होते!

मावसभाऊ हसला, "राहू दे की आई, तरणी दिसायलीस!"

"गप रे!" मावशी माझ्याकडं हात करत म्हणाली, " माझं अन् ह्याच्या आईचं, अक्काचं, एकाच दिवशी गोंदलेलं. अक्का गेली, आता एवढंच राहिलंय."

फोनचा कॅमेरा मी कुणाला न विचारता शिकलोय. ब्यूटी मोड बंद केला, चेहरा गुळगुळीत करणारी पट्टी शून्यावर आणली, उजेडही हातानंच कमी केला अन् पुन्हा फोटो काढला. ठिपके आले, सुरकुत्याही आल्या.

मावशी म्हणाली, "हां, ही मी!"

तुमच्या फोननं घरच्यांच्या चेहऱ्यावरचं काय काय पुसलंय? जरा झूम करून सांगा.